पत्र्याखालची दुपार

माझे वडील, अण्णा, भूकंपानंतर एकदाही स्लॅबखाली झोपलेले नाहीत. लग्नकार्याला गेले की मांडवात झोपतात. माझ्या नांदेडच्या घरी आले की जेवण होताच 'बस हाय मला' म्हणून उठतात. बस नसली तरी उठतात. आमचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपानंतर ते जुन्या जागेवरून उठून माळावर आलं आणि सगळ्यांना सारख्या ओळींत सारखी स्लॅबची घरं मिळाली. अण्णांनाही मिळालं. त्यांनी त्यात तुरीची आणि सोयाबीनची पोती रचली आणि मागच्या मोकळ्या जागेत स्वतःसाठी पत्र्याची एक खोली बांधली. कमरेपर्यंत विटा, वर सगळा पत्रा. तेव्हापासून आमच्याकडे धान्य पक्क्या घरात राहतं आणि घरमालक कच्च्या. आई होती तोवर ती पोत्यांच्या सोबतीला झोपायची. तिच्या मते बोलण्याच्या बाबतीत पोती आणि अण्णा यांत फारसा फरक नव्हता.

जुन्या गावात आमचं घर माळवदाचं होतं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असं ते सपाट छप्पर. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर नवी पांढरी माती टाकायची. जुनी कुणी काढत नसे. आजोबांची माती, पणजोबांची माती, अशी ती वर साठत जायची. उन्हाळ्यात त्या घरात शिरलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटे. मग एका पहाटे ते सगळं खाली आलं. आजी गेली. अण्णांना लोकांनी दुपारी बाहेर काढलं. आई माहेरी उदगीरला होती म्हणून वाचली आणि दादा, माझा थोरला भाऊ, लातूरला शिकायला होता म्हणून. मी नुकतीच लग्न होऊन नांदेडला गेले होते.

अण्णा त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. त्यांनी फक्त छपरांबद्दल एक मत बनवलं: डोक्यावर जे असेल ते एका माणसाला एका हातानं बाजूला सारता आलं पाहिजे. गावात याला म्हाताऱ्याची भीती म्हणतात. माझ्या माहितीतल्या अनेक विद्वानांची मतं याहून कमी अनुभवावर उभी आहेत, पण त्यांना कुणी भित्रे म्हणत नाही.

या मतात एकच खोट होती. मे महिना.

पत्र्याखाली मे महिन्यातली दुपार काय असते हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. अण्णा पन्नाशीत होते तेव्हा ती त्यांनी शेतात काढली, सत्तरीत असताना अंगणातल्या लिंबाखाली. ऐंशीच्या पुढे लिंबाची सावली पुरेना. गेल्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात झळा लागून ते बाजेवरच बेशुद्ध पडले. दादानं लातूरला नेलं, सलाइन लावली. डॉक्टर म्हणाले, पुढचा उन्हाळा यांनी त्या खोलीत काढायचा नाही. दादा म्हणाला, काढणार नाहीत. तो लातूरलाच राहतो. पहिल्या मजल्यावर फ्लॅट, वर आणखी तीन मजले, बेडरूममध्ये ए.सी. त्यानं तिथं अण्णांसाठी खाटही आणून ठेवली.

"चार स्लॅब डोक्यावर घेऊन झोपू व्हय मी?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, अख्खं लातूर झोपून राहिलंय."

"झोपू दे. मी कुठं उठवून राहिलो त्यांना?"

"मग मराल त्या पत्र्याखाली."

"पत्र्याखाली मरत न्हाईत, बाबा. तेवढं मला ठाव हाय."

यावर दादानं आवाज वाढवला. शेवटी ठरलं ते असं. ठरवलं अण्णांनीच. पुढच्या मे महिन्यात दादानं यायचं, भर दुपारी त्या खोलीत अण्णांबरोबर बसायचं. दादाला उन्हं कलेपर्यंत तिथं बसवेना झालं, तर अण्णा मुकाट गाडीत बसतील आणि लातूरला जातील. कायमचे. मी तिथंच होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण ते कुणाच्या भरवशावर बोलले ते मला समजलं. मी नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवते. छपरांविषयी मला काही कळत नव्हतं. मात्र हा माणूस चार स्लॅबखाली रात्रभर छताकडे बघत बसेल आणि महिन्याभरात संपेल, एवढं कळत होतं.

त्या हिवाळ्यात नांदेडला उन्हाळा आणि घरं या विषयावर एक परिसंवाद झाला. मी वही न घेता गेले. ए.सी. इतका होता की बायकांनी पदर अंगाभोवती घेतले होते, आणि त्याच्या झोतानं उद्घाटनाची समई पुन्हा पुन्हा विझत होती. शेवटी एका प्राध्यापकानं समईला आडोसा म्हणून पाठ दिली आणि सत्कार संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला. त्या दिवशीचं उष्णताशास्त्रातलं ते सर्वांत नेमकं काम. प्रमुख पाहुणे मोठ्या शहरातून आलेले वास्तुरचनाकार होते. अंगावर खादी, गळ्यात उपरणं. पडद्यावर त्यांनी एका माळवदाच्या घराचं चित्र दाखवलं आणि आवाज हळवा केला. हे आपल्या पूर्वजांचं शहाणपण, म्हणाले. आपण सिमेंटच्या मोहात पडून हे गमावलं. मातीकडे परत चला.

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले.

"सर, त्याचं वजन किती असतं?"

"कशाचं?"

"या माळवदाचं. एका खोलीवरच्या."

ते हसले. "ताई, आपण इथं उष्णतेबद्दल बोलतोय."

"मीही. पण त्याच्याखाली माणूस झोपतो."

अध्यक्ष म्हणाले, प्रश्न उत्तम आहे, परंतु वेळेअभावी आपण आभारप्रदर्शनाकडे वळू. उत्तम प्रश्नाबद्दल मला तुळशीचं रोप देण्यात आलं.

त्या पाहुण्यांवर माझा राग नव्हता असं म्हणणार नाही. होता, आणि त्यात त्यांचं म्हणणं अर्धं खरं असल्याचा रागही होता. माळवद थंडच असायचं. त्याहून चांगलं छप्पर उन्हाच्या दृष्टीनं आमच्या भागात झालं नाही. पण ज्यांनी ते डोक्यावरून उचललेलं पाहिलं त्यांना विचारल्याशिवाय कुणी 'परत चला' म्हणू नये. परत जायची वाट आमच्या जुन्या गावातून जाते आणि त्या वाटेवर आता बाभळी आहेत.

त्या परिसंवादाचा एक फायदा मात्र झाला. सभागृहाबाहेर मांडलेल्या टेबलावर पत्र्याचे दोन तुकडे दिव्याखाली ठेवले होते. एक गंजका, एक पांढरा रंग दिलेला. लोक चहाचे कप त्यांवरच ठेवत होते. मी दोन्हींवर तळवे ठेवून उभी राहिले. गंजक्या तुकड्यावरचा हात मला काढून घ्यावा लागला. पांढऱ्यावरचा राहिला.

मार्चमध्ये मी गावी पोचले तेव्हा खोलीत वेगळाच तमाशा चालू होता. दादानं कुणाला न सांगता लातूरहून दोन कारागीर पाठवले होते, पत्र्याच्या खालून थर्मोकोलचं छत ठोकायला. चौकोनी पांढऱ्या फरश्यांची थप्पी अंगणात होती आणि अण्णा बाज खोलीच्या मधोमध ओढून तिच्यावर बसले होते. शिडी लावायला जागा तीच होती.

"बाबा, जरा उठता का? अर्ध्या दिवसाचं काम हाय."

"न्हाई."

"लई गार होतंय बघा. अन् दिसायला बी भारी. फुलांची डिझाईन हाय."

"फुलं बघत झोपायची सवय न्हाई मला."

"मग काय बघता?"

अण्णांनी वर बोट केलं. तिथं लोखंडी अँगल होते, त्यांना पत्रे धरून ठेवणारे हूक होते, आणि आढ्याजवळचे सगळे सांधे उघडे दिसत होते. तीस वर्षं हा माणूस झोपण्याआधी ते सांधे पाहत आला होता. मला हे माहीत होतं, पण ती सवय आहे असं मी समजत होते. त्या दिवशी कळलं की तो त्यांचा झोपेचा परवाना होता. वरचं झाकलं की झोप गेली.

कारागिरांनी दादाला फोन लावला. दादानं तो मला द्यायला सांगितला.

"तू समजव त्यांना. थर्मोकोलला काय वजन असतंय?"

"प्रश्न वजनाचा नाही, दादा. त्यांना वरचं दिसायला हवं."

"आता वरचं दिसायला हवं! सकाळी वजन, दुपारी दर्शन. तू त्यांना डोक्यावर बसवून ठेवलंस."

"डोक्यावर हलकंच बसवलंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला. कारागिरांना अण्णांनी जेवून जायला लावलं. फरश्या ते परत घेऊन गेले.

तर आतून काही नाही. जे करायचं ते बाहेरून, आणि तेही हलकं. मी औशाच्या दुकानातून उन्हाला परतवणारा पांढरा रंग आणायचं ठरवलं. अण्णा बरोबर आले.

"याला वजनच नसतंय बघा," दुकानदार म्हणाला आणि डबा उचलून गल्ल्यावर ठेवला.

"डबा उचलताना तर तुझी कंबर वाकली," अण्णा म्हणाले.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी मग नीट चौकशी केली: यात पाणी किती, वाळल्यावर काय उरतं, पापुद्रा किती जाड होतो. उरलेलं सगळं मिळून एका गोधडीइतकंही भरत नाही असं त्यांचं समाधान झालं तेव्हा डबे रिक्षात चढले.

आमच्याकडे पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात. दगड, जुने टायर, मोडकी खाट, जे हाताला येईल ते. गावातल्या एकेका पत्र्यावर अर्धं घर चढलेलं असतं. अण्णांच्या पत्र्यावर एक खडाही नव्हता. हुकांवर आणि तारेवर त्यांचा विश्वास. त्यामुळे वर चढून झाडायला सोपं गेलं. मी साडीवर जुना सदरा चढवून शिडी चढले. गावातला एक रंगारी मदतीला होता. शेजारची चुलती कमरेवर हात ठेवून खाली उभी.

"बाप म्हातारा झाला की लेकी पत्रं रंगवतात, हे नवीनच ऐकलं माय."

"ऐकलं कुठं, काकू? बघून राहिलात की."

"प्रोफेसरीन न्हवं तू?"

"सुट्टी आहे."

संध्याकाळपर्यंत पत्रा अंगणात उजेड पाडेल इतका पांढरा झाला. काकूनं विचारलं, याला हळद कधी लावायची. चार-पाच दिवसांत उत्तर मिळालं. पत्र्यावर ओळीनं पिवळट-तपकिरी डाग उमटू लागले, चहा सांडल्यासारखे. मग डाग पसरले, काही ठिकाणी रंग सुटून वर आला.

चूक माझी आणि आमच्या सगळ्या गावाची होती. पत्र्याला जिथं खिळा किंवा हूक असतो तिथून पाऊस गळतो, म्हणून आम्ही दर वर्षी तिथं डांबर लावतो. गावात सगळेच लावतात. अण्णांनी तीस पावसाळे लावलं होतं. काळं डांबर ऊन पितं आणि आत सोडतं, म्हणजे पावसाच्या भीतीनं आम्ही दर वर्षी थोडा उन्हाळा पत्र्याला चिकटवत आलो होतो. आणि मी त्याच डांबरावर पांढरा रंग ओढला होता. तापलं की डांबर पाझरतं. ते रंगातून वर आलं.

दादाला कुणीतरी फोटो पाठवला. त्याचा फोन आला.

"बिबट्या झालाय म्हणं पत्रा."

"हाव."

"मे येऊन राहिला, बाई."

"माहीत आहे मला."

अण्णांनी खालून एकेक डाग पाहून घेतला. मग म्हणाले, "खरवड." खरवडणं हे रंगवण्यापेक्षा फार वाईट काम होतं. डांबर पहाटेच्या गारव्यात कडक असतं तेव्हा निघतं, ऊन चढलं की बोटांना चिकटतं. आम्ही दोघंच पहाटे वर जायचो, रंगारी आणि मी. उलथण्यानं काढायचं, रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचं. निघालेल्या जागी नवे रबरी वायसर बसवले, अस्तराचा हात दिला, आणि पांढरा रंग पुन्हा ओढला. या वेळी तो पांढराच राहिला. माझ्या नखांतलं डांबर सुट्टी संपली तरी गेलं नाही. कॉलेजच्या बैठकीत एका सहकाऱ्यानं त्याकडे पाहून विचारलं, शेती घेतली का.

एवढ्यानं खोली गार झाली असं सांगितलं तर ते त्या दुकानदाराला शोभेल. फरक पडला. पूर्वी बारानंतर आत पाऊल ठेवलं की भट्टीचं तोंड उघडल्यासारखं व्हायचं. आता ऊन वर आहे हे कळायचं, अंगावर येत नव्हतं. पण ऊन उतरतं तिकडे, पश्चिमेला, अण्णांची बाज असायची, आणि तिथं दुपार उलटली की अजूनही बसवत नव्हतं. मग मी पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीला आतून चंदेरी फॉइलचा कागद लावायचं सुचवलं.

"भिंतीला काय लावायचं ते लाव," अण्णा म्हणाले. "ती काय वर न्हाई."

आढ्याखाली दोन्ही टोकांना पत्र्याचा त्रिकोण कापून तिथं जाळी बसवली. वर साठलेली ऊब तिथून बाहेर जायला लागली, आणि अण्णांना आणखी एक सांधा दिसायला लागला. ते खूश झाले. शेवटी नर्सरीवाले रोपांवर टाकतात ती हिरवी जाळी आणली. खोलीच्या बाहेर जमिनीत बांबू रोवून ती पश्चिमेच्या अर्ध्या पत्र्यावर हातभर उंच ताणली, मध्ये वारा फिरेल अशी. तिचा भार बांबूंवर, पत्र्यावर काही नाही. तरी मी अण्णांना विचारलं, चालेल ना?

"पडली तर पडंल. अंगावर फडकं पडल्यावानी," ते म्हणाले. आमच्या घरातल्या बांधकामाला मिळालेलं ते सर्वोच्च प्रमाणपत्र.

मे महिन्यात दादा आला. आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस त्यानं मुद्दाम निवडला होता आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. मीही तोच निवडला असता. वहिनीनं गाडीत अण्णांसाठी उशी ठेवली होती. जेवणं झाली आणि आम्ही तिघं खोलीत जाऊन बसलो. दादा खुर्चीवर, अण्णा बाजेवर, मी उंबऱ्यावर. दादाच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, पॅन्ट, पायात मोजे.

"मोजे काढ की," अण्णा म्हणाले.

"असू द्या."

"न्हाई, नंतर म्हणशील मोज्यांमुळं हरलो."

दादानं मोजे काढले. बाहेर लिंबाचं पानही हलत नव्हतं. दादाच्या पाठीवर शर्ट ओला होत गेला. मग तो उठला, खुर्चीवर चढला आणि पत्र्याला आतून तळवा लावला. मला वाटलं, लगेच काढेल. त्यानं काढला नाही. खुर्चीवर तसाच उभा राहिला, छताला हात लावून. पन्नाशी ओलांडलेला, लातूरला दुकान असलेला माणूस.

"तापलंच हाय की," तो म्हणाला.

"मे हाय. तापणारच. मी कुठं म्हणलो काश्मीर हाय?"

"राहवतंय का पण?"

"तूच सांग. तू बसलास."

दादा खाली उतरला आणि पुन्हा बसला. ऊन पश्चिमेला वळलं, जाळीची सावली भिंतीवरून सरकत गेली. त्यानं पाणी मागितलं, शर्टाची वरची बटणं सोडली, घड्याळ पाहिलं. उठला नाही. अण्णा निवांत डोळे मिटून पडले होते, किंवा तसं दाखवत होते. उन्हं कलल्यावर दादा म्हणाला, "चहा टाक."

मी उठले. पाठीमागून त्याचा आवाज आला, अण्णांना उद्देशून: "तब्येत बिघडली तर मात्र ऐकणार न्हाई मी. उचलून नेईन."

"बिघडू दे तर खरं," अण्णा म्हणाले.

चहा पिऊन निघताना दादानं अंगणातून वर पाहिलं. जाळीचा एक कोपरा ढिला पडला होता. "जूनमधलं पहिलं वारं आलं की हे उडणार," तो म्हणाला. अण्णा म्हणाले, उडू दे, परत बांधू. दादा काहीतरी पुटपुटला आणि शिडी ओढून अनवाणीच वर चढला. दोरी ताणून बांबूला बांधू लागला.

"सुटंल अशी गाठ मार," अण्णा खालून ओरडले. "जाळी जाऊ दे. बांबू उपटून पत्र्यावर पडायला नको."

"मला शिकवू नका," दादा वरून म्हणाला आणि त्यानं चांगली पक्की, दुहेरी गाठ मारली. मग मोजे खिशात कोंबून, उशी गाडीत तशीच ठेवून तो एकटा लातूरला गेला.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशी अण्णांनी शिडी माझ्याकडे सरकवली. मी वर गेले, दादाची गाठ सोडली आणि अण्णांना हवी तशी बांधली.